इतर किरकोळ

गेली चोवीस वर्षं मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. लोकांच्या प्रवासबिलांवर शेरे मारणं हे माझं मुख्य काम. स्वारगेटहून शिवाजीनगरला जायला रिक्षाचे एवढे कसे झाले, हे मी माणसाला समोर उभं करून विचारतो. बिलाच्या तळाशी कुणी ‘इतर किरकोळ – ₹३४०’ असं लिहिलं, की मी त्याभोवती लाल पेनाने गोल काढतो आणि शेजारी लिहितो, ‘किरकोळ म्हणजे काय? तपशील द्यावा.’ खात्यातली पोरं माझ्यामागे मला ‘तपशील’ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि थोडा अभिमानही आहे.

अशा माणसाने २०२३ साली सिंहगड रस्त्याला जुना टू बीएचके घ्यायचं ठरवलं, तेव्हा एक्सेलमध्ये तक्ता केला नसता तरच नवल. तक्ता असा होता : फ्लॅट ६५ लाख. बँकेचं कर्ज ८० टक्के, म्हणजे ५२ लाख. पदरचे १३ लाख. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे ३ लाख २५ हजार. आणि शेवटची ओळ : इतर किरकोळ – ₹५०,०००.

साठवलेले १७ लाख होते. सगळं वजा जाता २५ हजार उरत होते. ते मी पडद्यांना देऊन टाकले होते.

खरं तर हे घर तीन वर्षं आधीच व्हायचं. कोरोनाच्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती. ऑफिसातल्या दोघांनी धावत जाऊन घरं घेतली. मी त्यांना हसलो. म्हटलं, आज तीन टक्के सोडले, उद्या सगळंच माफ करतील. जानेवारीत सूट दोन टक्क्यांवर आली, मार्च २०२१ ला संपली, आणि मी तेव्हा जो थांबलो तो भाव वाढेपर्यंत थांबलो.

तक्त्याला पहिला धक्का दलालाने दिला. हा तिशीतला मुलगा, बोलायला गोड, कायम घाईत. मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

“साहेब, हे पाच टक्के कुठून आणले?”

“सगळ्यांना माहीत आहे. मुद्रांक शुल्क पाच टक्के.”

“पाच मूळचे. पुण्यात वर एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एक टक्का मेट्रोचा. सात.”

“पण आम्ही मेट्रोने कुठे जातो?”

“जाऊ नका. भरा फक्त.”

सात टक्के म्हणजे ४ लाख ५५ हजार. माझ्या हातात मात्र हुकमाचा पत्ता होता. मी सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात ते, स्वतः शोधून काढले होते. त्या हिशेबाने या फ्लॅटची किंमत ५८ लाख येत होती. मी विजयी मुद्रेने म्हटलं, “मग सरकारच्याच दराने ५८ लाखांवर भरू.” तो मुलगा माझ्याकडे, आपल्या आजोबांनी अंताक्षरीत पोवाडा म्हणावा तसं पाहू लागला. “साहेब, करारातली किंमत आणि रेकनरची किंमत, यात जी जास्त असेल तिच्यावर. नेहमीच.” सरकार हिशेब खात्यात असतं तर मी त्याला माझा वरिष्ठ मानलं असतं.

नोंदणी फी वेगळी, किमतीच्या एक टक्का. पण ३० लाखांपुढच्या घरांना ती ३० हजारांवर थांबते. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की दलालीचा आकडा मी नीट ऐकलाच नाही. तो एक टक्का होता, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. ७६ हजार ७००. तक्त्यात मी दलाल ही व्यक्तीच धरली नव्हती. का, तर तो बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीचा होता.

त्या रात्री बायकोने जेवताना सहज विचारलं, “अहो, घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी पडतो ना?”

पडतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्या बाबतीत बरोब्बर ६५ हजार रुपये. अट एकच, सोबत पुरुषाचं नाव नको. कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून गेले तरी चालतील. फक्त नाव नको.

मी घास चावत राहिलो. मी जुन्या वळणाचा नाही, असं मी अनेक ठिकाणी बोललेलो आहे. पण पन्नाशीला आलेल्या माणसाला दारावर आपलं नाव असावंसं वाटतं. आयुष्य वडिलांच्या फ्लॅटमध्ये गेलं. दारावर वडिलांची पाटी, विजेच्या बिलावर वडिलांचं नाव, दूधवालासुद्धा हाक मारायचा ती वडिलांच्या नावाने. हे सगळं तिला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. मी ते सांगितलं नाही. मी म्हणालो, “पुढे कायदेशीर गुंतागुंत होते.”

“कसली?”

“असते. वकिलांना विचारायला हवं.”

वकिलांना मी विचारलं नाही. वकिलांनी मागच्या तीस वर्षांचा शोध घेऊन मालकीचा अहवाल दिला, करारनामा लिहिला, आणि दोन्हींचे मिळून १५ हजार घेतले. त्यात गुंतागुंतीचा उल्लेख नव्हता.

बँकेत दुसरी गंमत झाली. तिथली मुलगी म्हणाली, “सर, मॅडमचं नाव पहिलं ठेवलंत तर व्याजात ०.०५ टक्का सवलत मिळते.” पैसे वाचतात म्हटल्यावर माझा हात आपोआप वर जातो. मी तत्काळ हो म्हणालो. ५२ लाखांवर वर्षाला २,६०० रुपये! घरी येताना बायकोला आइस्क्रीम खाऊ घातलं. ती खाता खाता म्हणाली, “म्हणजे पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं. पहिल्याचे वर्षाला २,६०० मिळणार. दुसऱ्याचे ६५ हजार द्यायचे. किती वर्षांत फिटतील?”

मी तोंडी हिशेबात पक्का आहे. पंचवीस वर्षं. कर्ज पंधरा वर्षांचं. शिवाय मुद्दल फिटत जाईल तसे ते २,६०० सुद्धा आटत जाणार. मी म्हणालो, “आइस्क्रीम वितळतंय.”

बँकेची प्रक्रिया फी, त्यांच्या वकिलाची फी, घराची किंमत ठरवायला येऊन पाच मिनिटांत तीन फोटो काढून गेलेल्या गृहस्थांची फी, असे १८ हजार झाले. घराची कागदपत्रं बँकेकडे तारण ठेवायची, तर त्या ठेवण्यालाही मुद्रांक शुल्क पडतं. ते साडेपंधरा हजारांच्या वर गेलं. त्याची नोटीस तीस दिवसांच्या आत निबंधकांकडे दाखल करायची, तिचे आणखी हजार. हे सगळं कर्जातूनच वळतं करा, असं मी मोठ्या मनाने सुचवलं. त्या मुलीने शांतपणे सांगितलं की कर्ज घराच्या किमतीवर मिळतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. छोट्या, दहा लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी मोकळीक आहे. म्हणजे घराला कर्ज मिळतं, घर नावावर करायला नाही. ‘घर पाहावं बांधून’ असं म्हणणाऱ्यांनी ‘आणि नोंदवून’ हे दोन शब्द जोडायला हवे होते.

माझे १७ लाख संपले. बायकोने कपाटातून पोस्टातल्या बचतपत्रांची पिशवी काढली. त्यांची मुदत नुकतीच भरली होती. तीन लाख. पिशवी माझ्या हातात देताना ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता सोसायटी. बँकेला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते सेक्रेटरींच्या कपाटात असतं. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असावी, असा मला संशय आहे. सेक्रेटरी निवृत्त, मृदू, चष्मा कपाळावर. चहा आला. मग ते म्हणाले, “बाकी काही नाही. फ्लॅट हस्तांतरित होताना नवे सदस्य इमारत विकास निधीला एक लाख देतात. ऐच्छिक आहे.”

या क्षणाची मी वाट पाहत होतो. मी पिशवीतून ९ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश काढला. महापालिका हद्दीत हस्तांतराचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. त्याशिवाय हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. देणगी, निधी, अशा कुठल्याही नावाखाली वर काही मागता येत नाही. प्रीमियम आणि फी विकणारा देणार होता. म्हणजे नियमाने माझ्याकडे निघत होते फक्त १०० रुपये. मी ती नोटही सोबत आणली होती. कोरी, घडी न पडलेली. आदेशावर ठेवून दोन्ही त्यांच्यापुढे सरकवलं.

सेक्रेटरींनी आदेश वाचला. मग म्हणाले, “बरोबर आहे. म्हणूनच आम्ही मागत नाही. हा आमचा ठराव.” आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला.

‘नवीन सदस्याने अंतःकरणातील उत्स्फूर्त प्रेरणेने, कोणत्याही दबावाविना, परंतु ना हरकत प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी, एक लाखापेक्षा कमी नाही अशी ऐच्छीक देणगी...’

मी तिथेच थांबलो. ‘ऐच्छीक’. च्छ ला दीर्घ वेलांटी. माझ्या माहितीत हा शब्द असा दीर्घ एकच माणूस लिहितो.

वडिलांच्या सोसायटीत ते सदस्य आणि मी सहसदस्य. त्या जोरावर मी समितीत शिरून सहा वर्षं खजिनदार होतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, पैसे नव्हते, तेव्हा २५ हजारांच्या मर्यादेतून पळवाट काढणारा ठराव मी एका रात्रीत लिहिला होता. ‘अंतःकरणातील उत्स्फूर्त प्रेरणेने, परंतु ना हरकत प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी’ ही रचना सुचली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ती मोठ्याने वाचून दाखवली होती. तिने पोळी उलटत “छान” म्हटलं होतं.

“भाषा चांगली आहे,” मी सेक्रेटरींना म्हणालो.

“हो ना. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीकडून नमुना मिळाला. तिथे कुणी फार हुशार खजिनदार होते म्हणे.”

आयुष्यात माझ्या लेखनाचं कौतुक झाल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तो मला उघडपणे उपभोगता आला नाही. ऐच्छिक असल्यामुळे थोडी घासाघीस केली. ५० हजारांवर तुटलं. ती १०० रुपयांची कोरी नोटही त्यांनी ठेवून घेतली. पावती मात्र दोन्हींची चोख दिली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदणी झाली. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या, पाऊस आला नव्हता आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पंखा एका बाजूलाच फिरत होता. आम्ही दोघं, विकणारं जोडपं, प्रत्येकाला ओळखणारे दोन साक्षीदार, दलाल आणि ६२ पानांचा दस्त. दस्त हाताळणीचे तेव्हा दर पानाला २० रुपये होते, म्हणजे १,२४०. आयुष्यभर मी लोकांना पाठपोट प्रिंट काढायला लावली. इथे ते सुचवलं, पण कुणी मान वर केली नाही.

फोटो झाले. मग अंगठा. सगळ्यांचे पटापट उमटले. माझा उमटेना. यंत्रावर लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल. ऑपरेटर मुलगी म्हणाली, “काका, कागद फार हाताळता का? रेषा झिजल्यात. अंगठा जरा डोक्याला घासा, केसांचं तेल लागलं की येतो.” एवढं बोलून तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे घासण्याजोगं काही १९९८ नंतर राहिलेलं नाही. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. ती मुलगी चटकन सावरून म्हणाली, “मॅडम, तुम्ही जरा...”

बायको पुढे झाली. माझा अंगठा धरला, आपल्या भांगाशेजारी दोनदा घासला आणि यंत्रावर दाबला. हिरवा दिवा. ६५ हजार जास्त मोजून मी ज्या घरावर माझं नाव लावलं, त्याच्या नोंदणीत माझा अंगठासुद्धा तिच्या खोबरेल तेलावर उमटलेला आहे. सरकारी दप्तरात तो कायमचा राहील.

साक्षीदारांना मिसळ खाऊ घातली. इंडेक्स टू हातात आला. त्यावर पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. मी दुसरी ओळ बराच वेळ वाचत होतो.

यानंतर सगळं संपलं असं मला वाटलं, आणि खरा अपघात त्यानंतरच झाला. ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेणाऱ्याने विकणाऱ्याला पैसे देताना त्यातून एक टक्का आयकर कापायचा असतो. २०१३ पासूनचा नियम. हे मला ठाऊक होतं. मी शेवटचा चेक देताना ६५ हजार रुबाबात कापून घेतले. त्यानंतर खात्यात थोडे पैसे उरलेले दिसले. मला वाटलं, बघा, तक्ता तितका चुकला नाही. सोफा आणला.

गणपतीच्या खरेदीला ९ सप्टेंबरला भाची आली. ती सीए आहे. सोफ्यावर बसून म्हणाली, “मामा, मस्त आहे. टीडीएसचं सगळं झालं ना?”

“कापला की.”

“कापलास रे. भरलास का?”

“मार्चमध्ये भरतात ना?”

ती सोफ्यावरून पुढे सरकली. २६ क्यूबी नावाचा फॉर्म. ज्या महिन्यात कर कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा. जूनमध्ये कापला, म्हणजे ३० जुलैपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. एकेचाळीस दिवस, म्हणजे ८,२००. मी सुस्कारा टाकला. म्हटलं, एवढं काही नाही.

“विकणारे किती?”

“नवरा-बायको.”

“घेणारे?”

मी उत्तर दिलं नाही. मला कळायला लागलं होतं.

“प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा, अशा जोडीमागे एक फॉर्म. दोन गुणिले दोन. चार फॉर्म, मामा. घर मामीच्या एकटीच्या नावावर असतं तर दोनच झाले असते.”

४ गुणिले ८,२००. ३२ हजार ८००. व्याज वेगळं. माझ्या ऑफिसात टीडीएसचं काम माझ्या शेजारच्या टेबलावर चालतं. चोवीस वर्षांत मी तिकडे एकदाही पाहिलं नाही. माझं लक्ष रिक्षांवर होतं. आणि ज्यावर बसून आम्ही हे बोलत होतो, तो सोफा भारत सरकारच्या पैशांचा होता.

त्या रात्री बायकोने लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि म्हणाली, “अहो, तो तक्ता उघडा.” ‘इतर किरकोळ’च्या ओळीवर तिने थोडा वेळ बोट ठेवलं. मग एकेक खर्च विचारत नव्या ओळी घातल्या. मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील, बँक, तारण, पानं, सोसायटी, दंड. बेरीज ६ लाख ९५ हजार ४४०. मिसळ, पेढे, वीजबिल आणि मिळकतकरावर नाव लावायच्या चकरा धरून खर्च सात लाखांच्या घरात. ६५ लाखांच्या घराला सात लाखांचं घर फुकट जोडून आलं होतं. शेवटी तिने त्या बेरजेतून दोन रकमा वेगळ्या काढून दाखवल्या : सवलतीचे सोडलेले ६५,००० आणि दोन जादा फॉर्मांच्या दंडाचे १६,४००. एकूण ८१,४००. शीर्षक काय द्यावं, यावर ती क्षणभर थांबली आणि टाइप केलं : ‘ह्यांचं नाव’.

त्याच महिन्याच्या शेवटी सोसायटीची वार्षिक सभा होती. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मला तिथे बोलायचं होतं. विकास निधीच्या ठरावावर, तो बेकायदेशीर कसा, यावर मुद्दे काढून ठेवले होते. त्या ठरावातल्या पळवाटा माझ्याइतक्या कुणाला माहीत असणार? पण सभेची नोटीस आली ती तिच्या नावाने. भागपत्रावर पहिलं नाव तिचं, म्हणून मत तिचं. ती हजर नसेल तरच दुसऱ्या नावाला संधी. “तू दमली असशील, मी जाऊन येतो,” असं मी दोनदा म्हणून पाहिलं. ती साडी बदलून आली. म्हणाली, “कुकर लावून ठेवा.”

मी कुकर लावला. दाराबाहेर नवीन पाटी होती, दोन्ही नावांची, पितळी, ८५० रुपयांची. तिचा खर्च तक्त्यात राहून गेला, हे मला तेव्हा आठवलं.

नऊला ती परत आली. ठराव रद्द झाला होता. तिनेच सूचना मांडली, शासनाचा आदेश वाचून दाखवला. माझ्याच पिशवीतला. सगळ्यांनी हात वर केले. सेक्रेटरींनीसुद्धा. यापुढे घर घेणाऱ्यांकडून कुणी काही मागणार नाही. आमचे ५० हजार परत मिळणार नव्हते, कारण ते आम्ही अंतःकरणातील उत्स्फूर्त प्रेरणेने दिले होते.

“आणि मला खजिनदार केलंय,” ती चपला काढत म्हणाली.

मी ताटं घेतली. वरण वाढलं. थोड्या वेळाने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “ठरावाबद्दल कोण काय म्हणालं?”

“काही नाही. मीच म्हटलं, जुना कागद फाडून टाका.” तिने भातावर तूप घेतलं. “त्यात ‘ऐच्छिक’ चुकीचं लिहिलं होतं.”